घरगुती कॉफी : अर्क काढण्याची व ताजेपणा राखण्याची रासायनिक मीमांसा

महाराष्ट्रात चहाने घराघरांत जे स्थान मिळविले ते कॉफीला मिळाले नाही. मुंबईत चर्चगेट येथे १९३६ साली इंडिया कॉफी हाउस सुरू झाले आणि माटुंग्यासारख्या वस्त्यांतून दाक्षिणात्य कुटुंबांनी आपली गाळणीची कॉफी जतन केली, हे खरे. परंतु सर्वसामान्य मराठी स्वयंपाकघरात कॉफी ही पाहुणीच राहिली. दूध, पाणी, साखर आणि कॉफीची पूड एकत्र उकळावी, वर किंचित जायफळ उगाळून घालावे आणि गाळून द्यावे, ही आपल्याकडील रूढ कृती होय. पूड महिन्याच्या वाणसामानाबरोबर आणली जाते, डबा अर्धा रिकामा होईपर्यंत वापरली जाते आणि उरलेली कॉफी पुन्हा तापवून दिली जाते. या कृतीत काही गैर आहे, असे सहसा कोणास वाटत नाही.

वस्तुतः भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे शेकडा ७० एकट्या कर्नाटकात, म्हणजे आपल्या शेजारीच पिकते. त्यातील बहुतांश परदेशी जाते. रोप लावल्यापासून पहिले पीक हाती येण्यास तीनचार वर्षे लागतात. पिकलेली फळे हाताने वेचावी लागतात. ती सोलून वाळवून, निवडून, भाजावी लागतात. एवढ्या परिश्रमांनी निर्माण झालेला गुण घरातील कपाटात काही दिवसांत आणि शेगडीवर काही मिनिटांत नष्ट होऊ शकतो. हा नाश कसा होतो आणि तो कितपत टाळता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : भाजलेली कॉफी घरात तीन अवस्थांतून जाते. प्रथम ती अखंड बी असते, मग पूड होते आणि शेवटी पाण्यात उतरलेला अर्क होतो. या तीन अवस्थांची आयुर्मर्यादा अगदी भिन्न आहे. बीचे आयुष्य आठवड्यांत मोजावे लागते, पुडीचे दिवसांत, किंबहुना तासांत, आणि अर्काचे मिनिटांत. घरगुती कॉफीतील बहुतेक दोष या कालमानाकडे दुर्लक्ष केल्याने उद्भवतात. महागड्या उपकरणांचा अभाव हे त्यांचे मुख्य कारण नव्हे.

१. भाजलेल्या बीचे स्वरूप

कच्च्या कॉफीच्या बीत शेकडा १० ते १२ पाणी असते आणि तिला आपल्या परिचयाचा कॉफीचा वास मुळीच नसतो. तो वास भर्जनक्रियेत निर्माण होतो. बीचे तपमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास व त्यापुढे गेले म्हणजे शर्करा आणि ॲमिनो अम्ले यांच्यामध्ये विक्रियांची एक गुंतागुंतीची मालिका घडते. फ्रेंच रसायनज्ञ मेयार यांनी १९१२ साली या विक्रियांचे प्रथम वर्णन केले. पोळीवर पडणारे तपकिरी डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा हीही त्याच विक्रियेची फळे होत. भर्जनात बीचे वजन शेकडा १२ ते २० घटते, आकारमान वाढते आणि ती सच्छिद्र व ठिसूळ बनते.

भाजलेल्या कॉफीत ८०० हून अधिक बाष्पनशील संयुगे आढळली आहेत. त्या सर्वांचे मिळून वजन अत्यल्प असते. परंतु कॉफीला कॉफीपण येते ते त्यांच्यामुळेच. या संशोधनाचा पाया स्टाउडिंगर आणि राइखश्टाइन या दोन रसायनज्ञांनी १९२० ते १९३० या दशकात घातला. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिके मिळाली, पण ती निराळ्या कार्याबद्दल : राइखश्टाइन यांना १९५० साली वैद्यकाचे आणि स्टाउडिंगर यांना १९५३ साली रसायनशास्त्राचे. त्यांनी कॉफीच्या सुवासातून ओळखून काढलेल्या द्रव्यांपैकी फरफ्युरिल मर्कॅप्टन हे गंधकयुक्त संयुग विशेष महत्त्वाचे आहे. ते अतिसूक्ष्म प्रमाणात असता ताज्या भाजलेल्या कॉफीचा वास येतो; प्रमाण वाढले की तोच वास अप्रिय होतो. मर्कॅप्टनांचे ऑक्सिडीकरण किती सुलभतेने होते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. कॉफीचा सर्वांत मोलाचा घटक हा तिचा सर्वांत नाजूक घटकही आहे, एवढी गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

भर्जनात सुवासिक द्रव्यांबरोबर कार्बन डायॉक्साइड वायूही मोठ्या प्रमाणात निर्माण होतो. त्यातील पुष्कळसा भाग बीच्या सूक्ष्म पेशींत कोंडलेला राहतो. एक किलोग्रॅम ताज्या भाजलेल्या बियांतून कालांतराने काही लिटर वायू बाहेर पडतो. हा वायू बाहेर पडत असेतोवर हवेतील ऑक्सिजनला आत शिरण्यास अडथळा होतो. म्हणजे अखंड बी ही स्वतःच एक प्रकारची बंद कुपी आहे, आणि तिच्यातील संरक्षक वायू तिने स्वतःच निर्माण केलेला आहे.

२. ताजेपणा कसा नष्ट होतो

कॉफी शिळी होते म्हणजे तीन क्रिया एकाच वेळी घडतात. पहिली, बाष्पनशील द्रव्ये उडून जातात. दुसरी, मर्कॅप्टने, आल्डिहाइडे आणि तेले यांचे ऑक्सिडीकरण होते. अरेबिका जातीच्या बीत सुमारे शेकडा १५ आणि रोबस्टा जातीच्या बीत सुमारे शेकडा १० स्निग्ध द्रव्य असते. जुन्या पुडीस जो खवट वास येतो त्याचे मूळ या तेलात आहे. तिसरी क्रिया आर्द्रतेची. भाजलेली कॉफी अत्यंत कोरडी असल्याने हवेतील बाष्प शोषून घेते आणि त्या पाण्यामुळे पहिल्या दोन्ही क्रियांना वेग येतो. कोकणातील पावसाळ्यात उघडी राहिलेली पूड चारआठ दिवसांत निर्जीव होते, ती यामुळे. मलबार किनाऱ्यावर कॉफीस मुद्दाम पावसाळी वारे देऊन एक विशिष्ट माल तयार करतात, हे येथे कोणास आठवेल. परंतु तो संस्कार कच्च्या बियांवर होतो. भाजलेल्या कॉफीस तो न्याय लागू नाही.

बी दळली म्हणजे या तीनही क्रियांचा वेग किती वाढतो, हे एका स्थूल गणिताने स्पष्ट होईल. ६ मिलिमीटर बाजूचा एक घन घेऊन त्याचे ०.६ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर १,००० तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ दसपट होते. ०.३ मिलिमीटरचे तुकडे केले तर ८,००० तुकडे होऊन पृष्ठफळ वीसपट होते. प्रत्यक्षात वाढ याहून पुष्कळ अधिक असते, कारण तुकड्यांच्या कडा खडबडीत असतात आणि दळताना वायू कोंडून ठेवणाऱ्या पेशीच फुटतात. दळण्याच्या वेळी आणि त्यानंतरच्या थोड्या मिनिटांत कोंडलेल्या कार्बन डायॉक्साइडचा मोठा भाग निघून जातो आणि त्याबरोबर सुवासही जातो. दळताना घरभर दरवळणारा वास आल्हाददायक खरा. पण जो वास खोलीत पसरला तो पेल्यात येणार नाही, हेही तितकेच खरे.

३. खरेदी आणि साठवण

वरील विवेचनावरून साठवणीचे नियम आपोआप निष्पन्न होतात.

शक्यतो अखंड भाजलेली बी विकत घ्यावी आणि दळणे अर्क काढण्यापूर्वी करावे. वेष्टनावर भर्जनाची तारीख असल्यास ती पाहावी. भाजल्यानंतर पहिले काही दिवस वायूचे प्रमाण फार असल्याने अर्क एकसारखा उतरत नाही. तेवढा काळ जाऊ द्यावा. त्यानंतर तीनचार आठवड्यांत बी संपवावी. दुकानातून दळून घेणे ज्यांना भाग आहे त्यांनी महिन्याची पूड एकदम न घेता आठवड्याची घ्यावी. पैशांत फरक पडत नाही. चवीत मात्र फार पडतो.

डबा हवाबंद, अपारदर्शक आणि कोरडा असावा, आणि तो शेगडीपासून दूर ठेवावा. रासायनिक विक्रियांचा वेग तपमानाच्या दर १० अंश वाढीस साधारणतः दुप्पट होतो, हा स्थूल नियम येथेही उपयोगी आहे. डब्याचा आकारही महत्त्वाचा आहे. मोठ्या डब्याच्या तळाशी मूठभर कॉफी असली म्हणजे वरची सर्व जागा हवेची असते आणि प्रत्येक वेळी झाकण उघडले की ती हवा नव्याने भरली जाते. म्हणून एक मोठा डबा ठेवण्यापेक्षा दोनतीन लहान डबे काठोकाठ भरून ठेवावेत आणि एका वेळी एकच उघडावा. ज्या पिशव्यांना एकाच दिशेने वायू बाहेर सोडणारी झडप असते त्या चांगल्या, कारण बीतील वायू बाहेर जातो आणि बाहेरील हवा आत येत नाही.

शीतकपाटाविषयी लोकांत दोन टोकांची मते आढळतात. शीतकपाटाच्या सामान्य कप्प्यात कॉफी ठेवणे हितावह नाही. डबा रोज बाहेर काढून उघडला की थंड कॉफीवर हवेतील बाष्प साचते आणि इतर पदार्थांचे वासही तिच्यात मुरतात. याउलट, गोठवणाऱ्या कप्प्यात लहान लहान घट्ट बंद पुड्या करून ठेवल्यास बी पुष्कळ काळ टिकते. अट एवढीच की, पुडी पूर्णपणे खोलीच्या तपमानास आल्यावाचून फोडू नये. आणि गोठलेलीच बी दळावयाची असेल तर त्या वेळेपुरती लहान पुडी काढून तत्काळ सर्व दळावी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, थंड बी दळली असता कण अधिक एकसारखे होतात. कणांच्या या समानतेचे महत्त्व पुढील भागात स्पष्ट होईल.

४. उतारा आणि तीव्रता

कॉफीच्या पुडीत गरम पाण्यात विरघळू शकणारी द्रव्ये जास्तीत जास्त शेकडा ३० च्या सुमारास असतात; उरलेला भाग काष्ठमय असतो. ही सर्व विद्राव्य द्रव्ये पाण्यात उतरवली म्हणजे कॉफी उत्तम होईल, असा समज स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. अम्ले आणि हलके सुवासिक घटक प्रथम उतरतात, त्यानंतर गोडसर व भाजलेल्या चवीचे घटक आणि सर्वांत शेवटी कडू, तुरट व काष्ठगंधी घटक. पुडीपैकी शेकडा किती भाग पाण्यात उतरला, त्यास आपण ‘उतारा’ म्हणू. आणि पेयात शेकडा किती द्रव्य विरघळलेले आहे, त्यास ‘तीव्रता’ म्हणू. या दोन कल्पना भिन्न आहेत. कॉफी कडक पण अपुऱ्या उताऱ्याची असू शकते. तशीच ती पातळ पण अतिरिक्त उताऱ्याची, म्हणजे पाणचट आणि कडूही, असू शकते. घरोघरी जी कॉफी ‘कडू असूनही कॉफीसारखी लागत नाही’ ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते. पूड कमी घालून ती फार वेळ उकळण्याचा तो परिणाम होय.

अमेरिकेत १९५२ साली स्थापन झालेल्या कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूटसाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या दोन राशींचा संबंध आलेखाच्या रूपाने मांडला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विवेचनानुसार उतारा शेकडा १८ ते २२ आणि तीव्रता शेकडा १.१५ ते १.३५ असता कॉफी सर्वांत रुचकर ठरते. ही मर्यादा बिनदुधाच्या कॉफीची आणि त्या काळच्या अमेरिकी अभिरुचीची आहे, हे लक्षात ठेवावे. तीव्रतेबाबत देशोदेशी मतभेद आहेत. उताऱ्याची मर्यादा मात्र स्थूलमानाने अन्यत्रही मान्य झाली आहे.

उतारा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : कणांचा आकार, पाण्याशी संपर्काचा काळ आणि पाण्याचे तपमान. पूड बारीक केली तर काळ कमी पुरतो. जाड ठेवली तर अधिक लागतो. परंतु एकाच पुडीत पीठ आणि रवा दोन्ही असतील तर पिठाचा उतारा अतिरिक्त होतो आणि रव्याचा अपुरा राहतो, आणि पेल्यात दोन्ही दोष एकदम येतात. पात्याच्या मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीचा हाच दोष आहे. दोन दातेरी चकत्यांमध्ये भरडणारे हातयंत्र त्याहून चांगले. मिक्सरच वापरावयाचा असेल तर तो थांबून थांबून, भांडे हलवीत फिरवावा, म्हणजे कणांतील विषमता कमी होते आणि पूड तापतही नाही.

तपमानाविषयी ९० ते ९६ अंश ही मर्यादा सर्वत्र सांगितली जाते. या बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष उद्बोधक आहे. ८७, ९० आणि ९३ अंशांवर काढलेल्या कॉफीची तीव्रता आणि उतारा समान राखले असता चवीत फारसा भेद आढळला नाही. याचा अर्थ तपमान निरर्थक आहे असा नव्हे. तपमान हे उतारा साधण्याचे एक साधन आहे आणि त्यातील उणीव अन्य साधनांनी भरून काढता येते, असा आहे. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. महाबळेश्वरास ते ९५ अंशांच्या थोडे वर उकळते. तेथे उकळते पाणी थेट वापरण्यास काहीच प्रत्यवाय नाही. मुंबईत उकळी शमल्यावर अर्धे मिनिट थांबणे पुरे.

५. गाळणीतील अर्क : एक उदाहरण

दाक्षिणात्य पद्धतीची पितळी किंवा पोलादी गाळणी हे स्वस्त आणि शास्त्रशुद्ध उपकरण आहे. वरच्या सच्छिद्र भांड्यात पूड, तिच्यावर दांडीची चकती, आणि खाली अर्क साठविणारे भांडे, एवढीच तिची रचना. पाणी पुडीतून एकदाच आणि सावकाश जाते. उतरलेला अर्क पुन्हा पुडीच्या संपर्कात येत नाही. हेच तिचे मर्म होय.

प्रथम रिकामी गाळणी गरम पाण्याने ऊन करून घ्यावी, अन्यथा धातू पाण्यातील उष्णता शोषून घेतो. २० ग्रॅम पूड घालून ती सारखी करावी, चकतीने हलकीच बसवावी. दाबून घट्ट करू नये. मग चार चमचे गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबावे. पूड ताजी असेल तर ती फुगते व फेसाळते, कारण कोंडलेला कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. पूड निश्चल राहिली तर ती शिळी समजावी. ताजेपणाची याहून सोपी घरगुती कसोटी नाही. त्यानंतर उरलेले पाणी, एकूण १२० मिलिलिटर होईल इतके, सावकाश ओतून झाकण ठेवावे.

आता हिशेब पाहू. पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणजे २० ग्रॅम पुडीत ४० मिलिलिटर राहून खाली सुमारे ८० मिलिलिटर अर्क जमेल. उतारा शेकडा १८ धरल्यास त्यात ३.६ ग्रॅम विद्राव्य द्रव्य असेल आणि अर्काची तीव्रता शेकडा ४.५ होईल. यात २०० मिलिलिटर गरम दूध घातले तर एकूण २८० मिलिलिटर पेयात कॉफीचे द्रव्य शेकडा १.३ च्या सुमारास येते. ज्या कुटुंबांनी कधी तराजू वापरला नाही त्यांनी अनुभवाने गाठलेले हे प्रमाण लॉकहार्ट यांच्या मर्यादेत बसते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

उताऱ्याचा क्रम प्रत्यक्ष पाहावयाचा असल्यास जिज्ञासूंनी एक प्रयोग करावा. अर्क ठिबकत असताना वरचे भांडे क्रमाने तीन पेल्यांवर ठेवावे आणि तिन्ही भागांची, सारखे पाणी मिसळून, वेगवेगळी चव घ्यावी. पहिला भाग गडद, आंबट व तीव्र लागेल. दुसरा सौम्य व गोडसर. तिसरा फिका, कडवट आणि लाकडासारखा. नंतर तिन्ही एकत्र करून पाहावे. शेवटचा भाग घातल्याने पेय सुधारते की बिघडते, यावरून आपल्या पुडीसाठी अर्क कोठे थांबवावा हे ठरविता येते. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालून ‘दुसरा अर्क’ काढण्याची काटकसर का फसते, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

६. पाण्याचा गुण

पेल्यातील शेकडा ९८ हून अधिक भाग पाण्याचा असतो, पण कॉफी बिघडली असता संशय पाण्यावर क्वचितच घेतला जातो. मुंबईस तलावांचे मृदू पाणी मिळते. दख्खनच्या पठारावरील विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची अल्प मात्रा उताऱ्यास साहाय्यक असते, म्हणून पूर्णतः खनिजविरहित पाण्यातील कॉफी निर्जीव लागते. परंतु पाण्यातील बायकार्बोनेटे कॉफीतील अम्लांचे उदासिनीकरण करतात आणि ती जास्त झाली की कॉफी सपक होते. तात्पुरते काठिण्य असलेले पाणी आधी पाचसात मिनिटे उकळून, निववून, खालचा साका न हलविता वरचे पाणी घेतल्यास बायकार्बोनेटांचा मोठा भाग निघून जातो. शालेय रसायनशास्त्रातील हा पाठ स्वयंपाकघरात उपयोगी पडतो, तो असा.

७. चिकोरीचा प्रश्न

बाजारातील पुष्कळ पुडीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ असून त्यात कॅफीन नसते. इन्युलिन नावाचे कार्बोहायड्रेट विपुल असते. ती अपायकारक नाही आणि तिने येणारा गडद रंग व दाट चव कित्येकांना आवडते. भारतीय अन्ननियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण निदान शेकडा ५१ असले पाहिजे आणि प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे.

परंतु छापलेले प्रमाण हे पुडीचे असते, पेयाचे नव्हे, ही बाब ग्राहकाच्या लक्षात येत नाही. भाजलेल्या चिकोरीचा निम्म्याहून बराच अधिक भाग पाण्यात विरघळतो. २० ग्रॅम मिश्रणात १४ ग्रॅम कॉफी आणि ६ ग्रॅम चिकोरी आहे असे समजू. कॉफीचा उतारा शेकडा १८ धरल्यास तिच्यापासून २.५ ग्रॅम द्रव्य मिळते. चिकोरीचा उतारा शेकडा ६० धरल्यास तिच्यापासून ३.६ ग्रॅम मिळते. म्हणजे वेष्टनावर कॉफी शेकडा ७० लिहिलेली असूनही पेल्यातील विरघळलेल्या द्रव्यापैकी निम्म्याहून अधिक चिकोरीचे असते. रंग व दाटपणा यांवरून कॉफीचा कस ठरविण्याची आपली सवय किती फसवी आहे, हे यावरून कळेल. पुडीत चिकोरी आहे की नाही हे पाहण्यासाठी चिमूटभर पूड थंड पाण्याच्या पेल्यात टाकावी. कॉफी पृष्ठभागावर तरंगत राहते. चिकोरीचे कण लागलीच बुडू लागतात आणि मागे तपकिरी रेघा सोडतात.

८. अर्काचे आयुष्य आणि उकळलेली कॉफी

अर्क तयार झाला की कॉफीची तिसरी व सर्वांत अल्पायुषी अवस्था सुरू होते. गरम अर्कातील सुवास वाफेबरोबर जातो. शिवाय भर्जनात निर्माण झालेली तपकिरी द्रव्ये, म्हणजे मेलानॉयडिने, मर्कॅप्टनांना रासायनिक बंधाने बांधून टाकतात. म्हणून झाकण घट्ट लावूनही सुवास कमी होतोच. त्याबरोबर क्लोरोजेनिक अम्लांपासून भर्जनात बनलेल्या लॅक्टोनांचे जलीय विच्छेदन होऊन अम्ले मुक्त होतात आणि कॉफी उत्तरोत्तर आंबट होते. विस्तवावर ठेवलेली किंवा पुन्हा तापवलेली कॉफी आंबटकडू लागते, याचे कारण हे. अर्क तापवू नये. दूध तापवावे आणि त्यात अर्क घालावा. अर्क उरलाच तर तो लगेच निववून, लहान भांड्यात काठोकाठ भरून थंडीत ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा.

या दृष्टीने आपल्या उकळलेल्या कॉफीचा विचार करता तिच्यात तीनही कालमर्यादांचे उल्लंघन एकत्र झालेले दिसते : पूड जुनी असते, उतारा अतिरिक्त होतो आणि उकळीबरोबर सुवास निघून जातो. दूध व साखर यांनी कडवटपणा झाकला जातो. दुधातील केसीन तुरट द्रव्यांना बांधून घेते. उरते ती सुवासाची उणीव, आणि ती जायफळाने भरून निघते. जायफळाची चाल पडण्याचे कारण हेच असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. त्या पेयास स्वतःची गोडी आहे, हे नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्यांना तेच हवे त्यांनी भारी कॉफीवर खर्च करण्याचे कारण नाही. आणि ज्यांना दोन्ही हवे त्यांनी दूध, साखर व जायफळ यांना उकळी आणून भांडे खाली उतरवावे आणि मग त्यात गाळणीचा ताजा अर्क मिसळावा. जायफळ उकळी सहन करते. कॉफी करीत नाही.

समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, चांगल्या घरगुती कॉफीसाठी जे काही लागते ते बहुतेक घरांत असते, किंवा अल्प खर्चात मिळते : वजन करण्याचे साधन, साधी गाळणी, लहान हवाबंद डबे आणि शक्य तर एक हातयंत्र. यांहून अधिक लागते ते कालाचे भान. बी आठवड्यांत संपवावी, पूड दळताच वापरावी, उतारा वेळीच थांबवावा आणि अर्क गरम आहे तोवर प्यावा. यांपैकी सर्व गोष्टी साधणे शक्य नसेल तर निदान दळणे आणि अर्क काढणे यांमधील अंतर कमी करावे. एका बदलाने सर्वांत मोठा फरक पडतो तो येथेच.

आणखी एका दृष्टीने हा विषय अभ्यासकांच्या उपयोगाचा आहे. निष्कर्षण, ऑक्सिडीकरण, शोषण, विक्रियावेग आणि पाण्याचे काठिण्य या पाठ्यपुस्तकातील प्रकरणांची एकत्र गाठ पडते, अशी ठिकाणे थोडी आहेत. गाळणीतून ठिबकणाऱ्या अर्काचे दर मिनिटास वजन करावे, कोरड्या अवशेषावरून तीव्रता काढावी आणि उताऱ्याचा आलेख आखावा. निरनिराळ्या जाडीच्या पुडी आणि निरनिराळ्या गावांचे पाणी घेऊन हे मापन केल्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका लहान पण खऱ्या प्रश्नावर स्वतःचे उत्तर काढता येईल, आणि ते चाखूनही पाहता येईल.